एलसीखालची कागदपत्रे ओपनिंग बँकेने नाकारली. हळदीचा कंटेनर चितगाव बंदरात पडून आहे, मार्गदर्शन हवे

राजापुरी_सांगली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा हळदीचा जुना व्यापार असून काही वर्षांपासून आम्ही बांगलादेशला थेट निर्यातही करतो. आजवर एलसीचे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिली की पैसे देण्याची बायरच्या बँकेची हमी) पैसे थोडे मागेपुढे झाले तरी येत गेले. या वेळी मात्र प्रकरण अडले आहे.

एलसी साईटची (कागदपत्रे पाहताच पैसे देण्याची), कोणत्याही बँकेत नेगोशिएट होणारी (म्हणजे कागदपत्रे कोणत्याही बँकेमार्फत देता येणारी) आणि यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) खालची आहे. मालाचे वर्णन 'राजापुरी हळकुंड, पॉलिश केलेले, ५० किलोची ५०० पोती' असे आहे आणि पार्शल शिपमेंटला (माल तुकड्यांत पाठवण्याला) मनाई आहे. कंटेनर भरताना पावसाची सर आली आणि चार पोती भिजली. ओली हळद आत ठेवली असती तर चितगावपर्यंत शेजारच्या पोत्यांनाही बुरशी लागली असती, म्हणून ती चार पोती उतरवून ४९६ पोत्यांचेच बिल आणि बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) केले. बायरला त्याच दिवशी फोनवर सांगितले होते आणि तो 'काही हरकत नाही' म्हणाला होता.

आमच्या बँकेने पाठवलेली कागदपत्रे एका गुरुवारी ढाक्याच्या ओपनिंग बँकेत (एलसी उघडणाऱ्या, बायरच्या बँकेत) पोहोचली. पुढच्या गुरुवारी सायंकाळी तिथून एमटी ७९९ हा बँकांमधला संदेश आला. त्याचा आशय असा : 'कागदपत्रांत पुढील त्रुटी आढळल्या. एक, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनमध्ये मालाचे वर्णन फक्त ड्राय टर्मरिक असे आहे. दोन, बीएलवरील नोटिफाय पार्टीचा (माल पोहोचल्याची खबर ज्याला द्यायची त्याचा) पत्ता एलसीप्रमाणे नाही. आम्ही अर्जदाराशी (म्हणजे बायरशी) संपर्क साधत आहोत, त्यांचे उत्तर येताच कळवू. तोवर कागदपत्रे तुमच्या जोखमीवर आमच्याकडे आहेत.' त्यानंतरच्या मंगळवारी एमटी ७३४ आला. त्यात याच दोन त्रुटींच्या जोडीला '५०० ऐवजी ४९६ पोती' ही तिसरी त्रुटी घातली होती आणि कागदपत्रे परत पाठवत असल्याचे लिहिले होते. ती अद्याप आलेली नाहीत.

दरम्यान तिकडचा भाव उतरला आहे आणि बायर आठ टक्के सूट मागतो आहे. सूट दिली तर त्रुटी मान्य करतो, नाहीतर माल परत न्या, असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या मते पाच दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, म्हणजे सात दिवसांनी बँकेने कळवले, म्हणून तिला नाकारण्याचा हक्कच उरलेला नाही. हे बरोबर आहे का? आणि आता करावे काय?

तासगावचा_बेदाणा

साहेब, हे सरळसरळ भाव पाडण्याचे काम आहे. भाव चढा असता तर हीच कागदपत्रे डोळे झाकून स्वीकारली असती. बायरचा वाईट हेतू दाखवणारे सगळे मेसेज जपून ठेवा आणि बँकेला सविस्तर पत्र लिहा की माल उत्तम आहे, बायरला पोत्यांची गोष्ट आधीच माहीत होती, आणि भाव पडल्यामुळेच हे निमित्त काढले आहे.

मिरजेचा_फॉरेक्सवाला

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो आहे. एलसीच्या कागदपत्रांवर बरीच वर्षे दोन्ही बाजूंनी काम केले आहे, म्हणजे नाकारण्याचेही आणि नाकारलेल्यांसाठी भांडण्याचेही.

बेदाणेवाल्या दादांचा राग समजतो, पण त्यांनी सुचवलेले पत्र पाठवू नका. यूसीपीच्या कलम ५ प्रमाणे बँकेचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. कलम ४ प्रमाणे एलसी हा विक्रीच्या करारापासून वेगळा व्यवहार आहे. बायरचा हेतू काय, हळद किती उत्तम, फोनवर तो काय म्हणाला, यातले काहीही ओपनिंग बँकेच्या टेबलावर मोजले जात नाही. उलट असे पत्र गेले की समोरच्याला कळते की आपल्याकडे नियमाचा मुद्दा नाही, म्हणून आपण गाऱ्हाणे मांडत आहोत.

सविस्तर लिहिण्यापूर्वी धागाकर्त्यांनी दोन गोष्टी पाहून सांगाव्यात. तुमच्या बँकेने कागदपत्रांसोबत जोडलेले कव्हरिंग शेड्यूल (सोबतचे पत्र) कोणत्या नियमांखाली आहे? काही शाखा सवयीने कलेक्शनचाच (बँकेच्या हमीविना केवळ वसुलीचा) छापील फॉर्म वापरतात आणि त्याच्या तळाशी यूआरसी ५२२ (कलेक्शनचे नियम) असते. तसे असेल तर तुमच्याच बँकेने तुम्हाला एलसीच्या संरक्षणाबाहेर नेऊन ठेवले, असा मुद्दा समोरून येऊ शकतो. दुसरे म्हणजे कुरिअरच्या पोचपावतीवर गुरुवारची कोणती वेळ आहे?

राजापुरी_सांगली

आमच्या शाखेत फॉरेक्सचे काम होत नाही, ते कोल्हापूरच्या शाखेकडे जाते. तिथून शेड्यूलची प्रत मागवली. त्यावर एलसीचा नंबर असून 'यूसीपी ६०० च्या अधीन' असे स्पष्ट लिहिले आहे. पोचपावतीवर सकाळचे ११.२० वाजल्याची नोंद आणि ओपनिंग बँकेचा शिक्का आहे.

मिरजेचा_फॉरेक्सवाला

उत्तम. आता क्रमाने पाहू.

मुदतीचा तुमचा हिशेब टिकणार नाही. कलम १४(ब) मध्ये पाच दिवस आहेत ते बँकिंगचे दिवस, आणि मोजणी कागदपत्रे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. बांगलादेशात बँकांना शुक्रवार आणि शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे गुरुवारी कागदपत्रे मिळाली तर पहिला दिवस रविवार आणि पाचवा दिवस पुढचा गुरुवार. पहिला संदेश शेवटच्या दिवशी का होईना, पण मुदतीत आला आहे. कागदपत्रे बँकेची वेळ संपल्यावर पोहोचली असती तर हा हिशेब आणखी एक दिवस पुढे सरकला असता, म्हणून मी वेळ विचारली. आता एवढे निश्चित झाले की गुरुवार संपला तेव्हा ओपनिंग बँकेची मुदतही संपली, आणि मंगळवारचा एमटी ७३४ मुदतीबाहेरचा आहे.

आता त्रुटींकडे वळू. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरची हरकत पोकळ आहे. मालाचे वर्णन एलसीशी तंतोतंत जुळावे लागते ते फक्त कमर्शिअल इनव्हॉइसमध्ये, आणि ते कलम १८ मध्ये आहे. बाकीच्या कागदांत कलम १४(इ) प्रमाणे सर्वसाधारण शब्द चालतात, फक्त ते एलसीच्या वर्णनाला विरोधी नसावेत. वाळलेली हळद आणि राजापुरी हळकुंड यांत विरोध कुठे आहे?

नोटिफाय पार्टीच्या पत्त्यात नेमका काय फरक आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण ही हरकत हलकी समजू नका. कलम १४(जे) पत्त्यांबाबत उदार आहे. देश तोच असला की पत्ता शब्दशः तोच असण्याची गरज नसते आणि फोन, ईमेल तर विचारातच घेतले जात नाहीत. पण त्याच पोटकलमाच्या शेवटी अपवाद आहे : वाहतुकीच्या कागदावर कन्साइनी (माल ज्याच्या नावे तो) किंवा नोटिफाय पार्टी म्हणून अर्जदाराचा पत्ता आला, तर तो एलसीप्रमाणेच हवा. निर्यातदार वरचे वाचतात आणि शेवटचे वाक्य सोडून देतात.

पोत्यांची त्रुटी तर पक्की आहे. कलम ३० मधली पाच टक्क्यांची सवलत एलसीत नगांची किंवा पॅकिंगची संख्या दिली असेल तर लागू होत नाही. एलसीत '२५ टन' एवढेच असते तर २४.८ टन बिनदिक्कत चालले असते. '५०० पोती' लिहिले आणि पार्शल शिपमेंट बंद ठेवले, म्हणजे ४९६ पोती ही त्रुटीच झाली. बायर फोनवर हो म्हणाला त्याला अर्थ नाही, त्याच वेळी एलसीत दुरुस्ती मागायला हवी होती.

तरीही तुमची बाजू भक्कम आहे, असे माझे मत आहे. यूसीपीत नाकारण्याची सूचना एकदाच द्यायची असते, तुकड्या-तुकड्यांनी नाही. कलम १६(क) मध्ये 'एकच सूचना' असा शब्दप्रयोग मुद्दाम आहे आणि त्या एका सूचनेत तीन गोष्टी असाव्याच लागतात : बँक पैसे देण्यास नकार देत आहे हे विधान, नकारामागची प्रत्येक त्रुटी, आणि कागदपत्रांचे बँक काय करत आहे हे. यातले काही राहिले, तर कलम १६(फ) प्रमाणे कागदपत्रे नियमाप्रमाणे नव्हती असे म्हणण्याचा हक्कच ती बँक गमावते. पोत्यांची त्रुटी खरी असली तरी गुरुवारच्या संदेशात नव्हती, म्हणून ती गेली.

आणि गुरुवारचा संदेश पुन्हा वाचा. त्यात त्रुटी आहेत आणि कागदपत्रे कुठे आहेत तेही आहे, पण 'आम्ही नाकारत आहोत' हे वाक्य कुठेही नाही. उलट 'अर्जदाराशी बोलून कळवू' असे आहे, म्हणजे निर्णय झालेलाच नाही. हाच मजकूर एमटी ७३४ मध्ये आला असता तर मी गप्प बसलो असतो, कारण तो संदेशप्रकारच नकार कळवण्याचा आहे. एमटी ७९९ हा मात्र मोकळा संदेश असतो, त्यात जे लिहिले तेवढेच त्याचे मोल. त्यामुळे पत्त्याची हरकतही निकालात निघू शकते.

म्हणून त्रुटी खऱ्या की खोट्या यावर एक ओळही खर्च करू नका. त्यावर वाद घातलात तर पोत्यांपाशी येऊन अडकाल. तुमचा वाद नकार ज्या पद्धतीने कळवला त्या पद्धतीवर आहे.

कृष्णाकाठचा_वकील

फॉरेक्सवाल्या साहेबांनी मांडलेल्या मुद्द्याला न्यायनिर्णयांचा आधार आहे, म्हणून थोडी भर घालतो.

'अर्जदाराशी संपर्क साधत आहोत' या प्रकारच्या संदेशावर अमेरिकेत व्होस्ट-अल्पाइन विरुद्ध बँक ऑफ चायना हा खटला झाला. तिथेही बँकेने त्रुटी कळवल्या, अर्जदाराची संमती विचारत आहोत असे लिहिले आणि कागदपत्रे तुमच्या जोखमीवर ठेवली आहेत असेही लिहिले. २००२ मध्ये अपील न्यायालयाने तो नकार मानला नाही आणि बँकेविरुद्धचा निकाल कायम ठेवला. तुमच्या संदेशाशी हे फारच जुळते. मात्र ढाक्यातील न्यायालयावर हा निकाल बंधनकारक नाही, तो युक्तिवादाला बळ देतो एवढेच.

'परत पाठवत आहोत' असे लिहून कागदपत्रे न पाठवण्याबद्दल इंग्लंडमध्ये २०११ साली फोर्टिस बँक विरुद्ध इंडियन ओव्हरसीज बँक हा निकाल झाला. आपल्याकडे आलेल्या भंगार लोखंडाच्या व्यवहारांतील एलसी होत्या. परत पाठवतो असे म्हटले की ती तत्परतेने परत पाठवलीच पाहिजेत, नाहीतर १६(फ) ची बंदी लागू होते, असे न्यायालयाने ठरवले. तुमची कागदपत्रे अजून निघालेलीच नसतील, तर हा दुसरा स्वतंत्र मुद्दा होतो.

त्याआधी १९९१ मध्ये बँकर्स ट्रस्ट विरुद्ध स्टेट बँक ऑफ इंडिया या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितले होते की कागदपत्रे तपासण्याची मुदत अर्जदाराला आणखी त्रुटी शोधता याव्यात म्हणून नसते. त्या वेळी नियमांत 'वाजवी वेळ' एवढेच होते. यूसीपी ५०० मध्ये त्याला जास्तीत जास्त सात बँकिंग दिवसांची मर्यादा आली आणि १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या यूसीपी ६०० मध्ये पाच. तुमच्या मंगळवारच्या संदेशातली तिसरी त्रुटी मधल्या काळात बायरनेच सुचवली असणार असे वाटते. पण ते सिद्ध करण्याची तुम्हाला गरजही नाही.

तासगावकरांच्या शंकेचेही उत्तर देतो. १९८१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर युनायटेड कमर्शिअल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया हे प्रकरण आले होते. मोहरीच्या तेलाच्या वर्णनातल्या फरकावरून वाद होता. बँकांमधल्या अशा व्यवहारात न्यायालयांनी मनाई हुकूम देऊन पडू नये, हे तत्त्व त्या निकालाने आपल्याकडे रुजले. तेव्हा 'माल चांगला आहे, न्याय करा' असा अर्ज घेऊन न्यायालयात जाण्यात अर्थ नाही.

तासगावचा_बेदाणा

म्हणजे व्यापारात ज्या नावाला सगळे एकच माल समजतात, तेही बँक वेगळे समजणार? हे काही पटत नाही.

कृष्णाकाठचा_वकील

पटत नसले तरी कायदा जुना आहे. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक हा खटला आपल्याच कोरोमंडल किनाऱ्याच्या भुईमुगावर झाला. एलसीत 'कोरोमंडल भुईमूग' होते आणि बीएलवर 'यंत्राने सोललेले शेंगदाणे'. व्यापारात दोन्ही एकच, हे साक्षीदारांनी सांगितले, पण प्रत्येक धंद्याची बोली बँकेला ठाऊक असलीच पाहिजे असे नाही, म्हणून नकार योग्य ठरला. त्याहून आधी, १९२७ मध्ये, बटाव्हियाहून पाठवलेल्या व्हॅनिलाच्या प्रकरणात एलसीत 'तज्ज्ञांचे' प्रमाणपत्र मागितले होते आणि एकाच तज्ज्ञाचे आले. तिथे त्याउलट पैसे देऊन बसलेली बँकच हरली, आणि जवळपास सारख्या कागदपत्रांना या व्यवहारात जागा नाही, असे लॉर्ड समनर यांनी निकालात सांगितले.

आज कलम १४(इ) मुळे भुईमुगाचे ते प्रकरण कदाचित वेगळे ठरले असते. तुमच्या 'ड्राय टर्मरिक'ला जो आधार मिळतो तो याच बदलामुळे.

कुपवाडची_फाउंड्री

मी हळदीतला नाही, कास्टिंग पाठवतो, पण एलसी आम्हीही सोसल्या आहेत. वरची चर्चा विद्वत्तापूर्ण आहे याबद्दल वाद नाही, पण कंटेनर बंदरात उभा आहे हे कोणी लक्षात घेत आहे का? शिपिंग लाइनचे डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचे शुल्क), बंदराचे भाडे, इकडे पॅकिंग क्रेडिटचे (निर्यातीसाठी घेतलेल्या कर्जाचे) व्याज, आणि पावसाळी हवेत बंद पेटीतली हळद. परदेशी बँकेशी नियमावर भांडून जिंकलात तरी पैसे कधी येणार? हक्क असणे आणि पैसे हातात येणे यात अंतर आहे. आठ टक्के मागतो आहे ना, चारवर आणा आणि मोकळे व्हा. पुढच्या वेळी त्या बायरला माल देऊ नका.

उरणचा_सीएचए

फाउंड्रीवाल्यांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने चुकीचे नाही, पण घाईही करू नये. सर्वात आधी लाइनच्या संकेतस्थळावर कंटेनर नंबर टाकून आजची स्थिती पाहा. 'डिस्चार्ज्ड' दिसत असेल तर तो बंदरातच आहे. 'गेट आउट' किंवा 'एम्टी रिटर्न' दिसत असेल, तर बँकेने बीएलवर सही करून कागदपत्रे बायरच्या हाती दिली आहेत किंवा त्याला हमीपत्रावर माल सोडवून दिला आहे. मग 'कागदपत्रे तुमच्या जोखमीवर आमच्याकडे आहेत' हे वाक्यच खोटे ठरते आणि त्रुटींचा प्रश्न उरत नाही. पडद्याचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, माल परत आणणे किंवा दुसऱ्या बायरला विकणे वाटते तितके सोपे नाही. बांगलादेशच्या एलसीत बीएल बहुतेक वेळा ओपनिंग बँकेच्या ऑर्डरवर असते. ती बँक पाठीमागे सही करून ते मोकळे करत नाही तोवर तुमच्या हातात काही नाही, आणि तिथल्या कस्टम्सकडे कन्साइनी बदलायचा तर आधीच्या बायरचे ना-हरकत पत्र मागितले जाते. शिवाय तुमच्या पोत्यांवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि टिन (करदात्याचा) नंबर छापलेला असणार, त्यांच्या आयात धोरणात किमान दोन टक्के पोत्यांवर तो लागतो. दुसऱ्याला विकायचे तर ती पोती बदलावी लागतील. 'माल परत न्या' असे बायर इतक्या निर्धास्तपणे म्हणतो ते याच भरवशावर.

तासगावचा_बेदाणा

सीएचए साहेबांचे बरोबर आहे. आमच्या बेदाण्याच्या एका कंटेनरबाबत हेच घडले होते. बँक त्रुटी सांगत बसली होती आणि माल बायरच्या गोदामात जाऊन पोहोचला होता. रिकामा कंटेनर परत आल्याची नोंद आमच्या बँकेने संदेशात घातली, तेव्हा एका आठवड्याच्या आत पूर्ण पैसे आले. तिकडून खुलासा मात्र आला नाही.

राजापुरी_सांगली

कंटेनर 'डिस्चार्ज्ड' आहे, म्हणजे बंदरातच. बीएल ओपनिंग बँकेच्या ऑर्डरवर आहे आणि पोत्यांवर बायरचा छाप आहे. पत्त्यातला फरक असा की एलसीत इमारतीच्या नावानंतर 'तिसरा मजला' आहे आणि फॉरवर्डरने बीएलवर मजला वगळला. ड्राफ्ट बीएलवर आमच्याकडून हे सुटू नये म्हणून आता एलसीतला पत्ता जसाच्या तसा कॉपी करून पाठवायचा, असे ठरवले आहे.

सर्टिफिकेट आणि बीएल दुरुस्त करून पुन्हा सादर करता येईल का?

मिरजेचा_फॉरेक्सवाला

एलसीची मुदत आणि शिपमेंटपासून एकवीस दिवस, दोन्हीच्या आत असाल तर दुरुस्त कागदपत्रे पुन्हा देता येतात. पण तसे करू नका. पुन्हा सादर केलीत की ओपनिंग बँकेला नवे पाच दिवस मिळतील आणि या वेळी ती पोत्यांची त्रुटी पहिल्या ओळीत लिहील. बंद झालेले दार तुम्ही स्वतःच उघडून द्याल.

तुमच्या बँकेकडून संदेश पाठवायला लावा. सूचना 'प्रेझेंटर'ला (कागदपत्रे सादर करणाऱ्याला) द्यायची असते, म्हणजे या वादात ओपनिंग बँकेसमोर उभे राहायचे ते तुमच्या बँकेने, तुम्ही नाही. मजकूर लहान ठेवा. मी असा लिहीन : 'तुमचा गुरुवारचा एमटी ७९९ कलम १६(क)(१) प्रमाणे नकाराचे विधान करत नाही. तुमचा मंगळवारचा एमटी ७३४ कलम १६(ड) मधील मुदतीनंतरचा आहे आणि एकच सूचना देण्याच्या नियमाविरुद्ध आहे. कलम १६(फ) प्रमाणे तुम्हाला त्रुटींचा आधार घेता येत नाही. पूर्ण रक्कम विलंबाच्या व्याजासह अदा करावी. लाभधारकाने कोणतीही त्रुटी मान्य केलेली नाही.' शेवटचे वाक्य विसरू नका. आणि शाखेतल्या अधिकाऱ्याने 'कृपया बायरची संमती लवकर मिळवून द्यावी' अशी विनंती त्यात जोडली, तर ती काढायला लावा. संमती मागितली म्हणजे त्रुटी कबूल केल्याचा अर्थ समोरचा लावतो.

फाउंड्रीवाल्या मित्रांना एवढेच सांगतो की तडजोडीला माझा विरोध नाही. हा संदेश जाण्यापूर्वी केलेली तडजोड आणि गेल्यानंतरची तडजोड यांचे आकडे सारखे नसतात. बायरशी बोलणे चालू राहू द्या, पण सुटीचा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नका. ठरलेच तर बँकेमार्फत, 'हक्क अबाधित ठेवून' असे लिहून, आणि बिलाची रक्कम कमी करायला तुमच्या बँकेची मंजुरी घेऊन.

कुपवाडची_फाउंड्री

आणि ओपनिंग बँक नाहीच म्हणाली तर?

कृष्णाकाठचा_वकील

तर आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सची डॉकडेक्स ही व्यवस्था आहे. १९९७ पासून ती चालू आहे. तीन तज्ज्ञांचे मंडळ केवळ कागदपत्रांवरून निर्णय देते, प्रत्यक्ष सुनावणी नसते, आणि समोरच्या बँकेने उत्तर दिले नाही तरी निर्णय होतो. दोन्ही बाजूंनी आधी मान्य केले नसेल तर तो बंधनकारक नसतो, पण आपल्याविरुद्ध असा निर्णय घेऊन फिरणे कोणत्याही बँकेला आवडत नाही. फी मात्र डॉलरमध्ये आणि भरभक्कम असते, एका कंटेनरसाठी ती परवडते का हे आधी पाहावे. ही एलसी भारतातल्या बँकेने कन्फर्म केलेली (म्हणजे स्वतःचीही हमी जोडलेली) असती तर पैशासाठी ढाक्याकडे पाहण्याची वेळच आली नसती. ते कन्फर्मेशनचे कमिशन वाचवण्यासाठी सगळेच टाळतात.

राजापुरी_सांगली

घडले ते कळवतो. कोल्हापूरच्या शाखेने आधी 'आम्ही ओपनिंग बँकेला असे लिहीत नाही' म्हणून टाळाटाळ केली. कलम १६ ची प्रत घेऊन मी स्वतः जाऊन बसलो, तेव्हा फॉरेक्सवाल्या साहेबांचा मजकूर जवळपास तसाच गेला. ढाक्याहून उत्तर आले की 'कागदपत्रे तुमच्या जोखमीवर ठेवली आहेत' यातच नकार आला. आमच्या बँकेने व्होस्ट-अल्पाइनचा उल्लेख करून दुसरा संदेश पाठवला आणि परत पाठवलेल्या कागदपत्रांच्या कुरिअरचा नंबर मागितला. त्याला उत्तर आले नाही. मात्र त्यानंतर बायरचाच फोन आला आणि तो आठवरून तीनवर आला.

घरात दोन मते होती. वडिलांचे म्हणणे की नियम आपल्या बाजूने आहे तर एक पैसाही सोडायचा नाही. मी बंदराच्या भाड्याचा आणि व्याजाचा हिशेब मांडला आणि आम्ही दीड टक्क्यावर मिटवले, बँकेमार्फत, हक्क अबाधित ठेवून. पैसे जमा झाले आहेत. पण त्यातून ओपनिंग बँकेने 'डिस्क्रिपन्सी फी' (त्रुटींबद्दलची फी)सुद्धा कापून घेतली आहे, दोन संदेशांची दोनदा. त्याबद्दल काही करता येईल का?

कुपवाडची_फाउंड्री

दीड टक्का म्हणजे छान सुटलात. फीचे सोडून द्या.

मिरजेचा_फॉरेक्सवाला

मी असतो तर दीड टक्काही दिला नसता, आणखी एक संदेश पाठवून थांबलो असतो. पण बंदराचे भाडे मी भरत नव्हतो, त्यामुळे तुमचा निर्णय चुकला असे म्हणणार नाही.

फीबाबत एलसीचे ४७ए फील्ड (जादा अटींचा रकाना) पाहा. तिथे बहुधा 'त्रुटी असलेल्या कागदपत्रांच्या प्रत्येक संचासाठी' अशी फी लिहिलेली असते. संच एकच होता, तेव्हा दुसऱ्यांदा कापलेली रक्कम परत मागा, ती मिळण्याची शक्यता आहे. पहिली मिळणार नाही, कारण तडजोडीत त्रुटींचा प्रश्न मोकळाच राहिला.

आणि पुढच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसमध्ये (सौद्याआधी बायरला देतो त्या कच्च्या बिलात) पोत्यांची संख्या देऊ नका. '२५ टन, पाच टक्के कमी-जास्त' एवढेच लिहा, पार्शल शिपमेंटला परवानगी मागा, आणि ॲडव्हायझिंग बँकेकडून (एलसी तुम्हाला कळवणाऱ्या बँकेकडून) एलसी आली की कंटेनर बुक करण्याआधी तिची प्रत इथे टाका, बायरचे नाव झाकून. मी वाचून देईन.